तीन शून्यं

पगार येतो अठ्ठावीसला, मध्यरात्री.
मोबाइल उशीखाली थरथरतो:
एकशे चाळीस दिनार, टिंब, तीन शून्यं.
आपल्याकडे टिंबापुढे दोन घरं, इथे तीन.
पहिल्या वर्षी त्या जादा शून्यामुळे
मी उगाच स्वतःला सुखवस्तू समजत होतो.

सव्वाबाराला तो पुन्हा थरथरतो.
काढले: एकशे चाळीस.

माझं कार्ड माझ्याकडे नाही.
ते बावकरदादाकडे, गुदैबियात,
खजुराच्या रिकाम्या डब्यात,
रबर लावलेल्या एकोणीस कार्डांत एक,
पाठीवर पांढरी चिकटपट्टी, निळ्या पेनाने 'शिगवण',
खाली माझा पिन.

दादा वाईट माणूस नाही. तेच तर अवघड आहे.
मी आलो तेव्हा त्यानेच बूट दिले,
एक नंबर मोठे,
पुढे कागद कसा कोंबायचा तेही दाखवलं.
व्याजाला तो व्याज म्हणत नाही, चहापाणी म्हणतो.
दोनशे दिनारांवर महिन्याला वीस चहापाणी.
वीस कापून एकशेवीस हातावर ठेवतो, थुंकी लावून मोजून.
चौदा महिन्यांत दोनशेऐंशीचा चहा प्यायलाय माझा
आणि मुद्दल तिथेच,
उन्हाने न वाळणाऱ्या कपड्यासारखं.

घेतले कशाला?
मेहुण्याच्या दुकानाची पागडी अडली होती.
सासूबाई म्हणाल्या, आता कसं व्हायचं,
फोन स्पीकरवर, सगळं घर कान लावून,
आणि मी म्हणालो: मी आहे ना.
तीन शब्द.
टिंबापुढच्या तीन शून्यांइतकीच त्यांची किंमत,
हे मलाच ठाऊक होतं.

मी एसी दुरुस्त करतो. गॅस कुठून गळतो ते शोधतो.
साबणाचं पाणी लावायचं आणि गप्प बसायचं;
बुडबुडा फुगला की तीच जागा.
गिऱ्हाईक म्हणतं, शोधू नकोस, भरून दे, उद्या पाहुणे आहेत.
मी सांगतो, भरत राहणं हा इलाज नव्हे.
हे मी जुफैरच्या एका गच्चीवर,
ऑगस्टात, शर्ट पाठीला चिकटलेला असताना
कुणाला तरी सांगत होतो,
आणि वाक्य अर्ध्यात सोडून
पाइपावरच्या बुडबुड्याकडे बघत राहिलो.

रंजिताला त्याच शुक्रवारी सांगितलं.
का, कुणाकडून, लपवलंत कसं, काही नाही.
'किती?' एवढंच.
चौदा महिने तो आकडा तोंडाबाहेर काढला नव्हता.
परवाच्या खुबूससारखा कडक झाला होता जिभेवर.
सांगितला.
पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा, पेन शोधल्याचा आवाज आला.

बँकेत म्हणालो, कार्ड हरवलं.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कुठे?
गुदैबियात, म्हणालो. खोटं नव्हतं ते.
तिने मान वर करून एकदा पाहिलं
आणि नवा पिन टाकताना तोंड फिरवून घेतलं.

मग दादाकडे गेलो.
दादा, मुद्दल देतो, महिना पंधरा. चहापाणी बंद.
त्याने डबा उघडला, रबर सोडलं, माझं मेलेलं कार्ड
बराच वेळ अंगठ्याने पुसत बसला.
बूट आठवतात का, म्हणाला.
आठवतात, म्हणालो.
मग खालून दोन चहा मागवले.
पैसे मी दिले.
बघू, म्हणाला शेवटी.
कोऱ्या कागदावरची माझी सही अजून त्याच्याच डब्यात आहे.

ह्या अठ्ठावीसला मोबाइल थरथरला.
एकशे चाळीस, टिंब, तीन शून्यं.
मी जागाच. वरच्या बंकवर अस्लम घोरत होता.
सव्वाबाराला तो पुन्हा थरथरला
आणि माझे हातपाय गार.

रंजिताचा होता.
'आहेत का?'

आहेत, लिहिलं.
तिकडे पावणेतीन वाजले असतील.